शाळेच्या छपरासाठी निधी: सुगीपासून मृगापर्यंत

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या अनेक मराठी शाळा सरकारी नाहीत, संस्थेच्या आहेत. अनुदान मिळत असलं तरी ते मुख्यतः शिक्षकांच्या पगारासाठी. कौलं, वासे, संडास, पाण्याची टाकी हे सगळं संस्थेलाच बघावं लागतं, म्हणजे शेवटी गावालाच. गावाची द्यायची तयारी असते. अडतं ते मागण्याच्या पद्धतीत, वेळेत आणि हिशोबात. पुढची सगळी माहिती एका कामाभोवती लिहिली आहे: तीन वर्गखोल्यांचं छप्पर बदलायचं आहे आणि खर्च १२ लाख रुपये धरला आहे. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचा अंदाज तुमच्या मिस्त्रीकडून घ्या.

पैशाआधी कागद

पहिली बैठक देणगीदारांच्या यादीसाठी नको, कपाट उघडण्यासाठी घ्या. जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी तोंडी दिलेल्या जमिनीवर शाळा उभी असते आणि उताऱ्यावर अजून त्याच घरातल्या आजोबांचं नाव असतं. गावातले लोक याकडे बघत नाहीत, पण कंपनी किंवा मोठा देणगीदार पहिल्यांदा हेच मागतो. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचा (पंचायत हद्दीतल्या मालमत्तेची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११, शेतजमिनीतून आलेली असेल तर आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) काढून घ्या. नाव बदललेलं नसेल तर आधी त्या घराशी बोला. त्याच जागेवर बांधकाम करून झाल्यावर हा विषय निघाला तर तो मिटवणं फार अवघड जातं.

दुसरी गोष्ट संस्थेच्या नावाची. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या संस्थांची मूळ नोंदणी त्या काळातली असते, पुढची कागदपत्रं कर्नाटकातली. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं नाव इंग्रजीतही बेळगावी झालं. परिणाम असा की पॅन कार्डावर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं आणि आयकर खात्याच्या आदेशात तिसरं. धनादेश परत येणं, कंपनीचा अर्ज अडकणं यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. पॅन, बँक खातं, नोंदणी प्रमाणपत्र आणि आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) व ८०जीची (देणगीदाराला करसवलत) मान्यता अशी चार कागदं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. तफावत असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका, त्याला महिने लागू शकतात. मान्यतेची मुदत कधी संपते तेही याच वेळी बघून ठेवा.

तिसरं म्हणजे ठराव. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात काम, अंदाजे खर्च, निधीसाठी वेगळं खातं आणि तीन पदाधिकाऱ्यांपैकी कोणत्या दोघांच्या सह्या चालतील हे लिहा. मुख्याध्यापकांवर रोकड सांभाळण्याचं ओझं टाकू नका. त्यांचं काम शाळेचं आहे, आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर शाळेचंच नाव जातं.

आकडा आधी पक्का

‘शाळेसाठी मदत करा’ या वाक्याला लोक १०१ रुपये देतात. ‘एका खोलीच्या छपराला ४ लाख लागतात’ म्हटलं की माणूस हिशोब करायला लागतो. म्हणून दोन मिस्त्रींकडून लेखी अंदाज घ्या आणि तो अंदाज स्वतः तपासा. नेहमीची चूक कौलांच्या मोजणीत होते. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, पण मोजायचं ते उतरत्या छपराचं क्षेत्र, खालच्या फरशीचं नव्हे. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे ५०० चौरस फूट. चारी बाजूंनी दोन-दोन फूट पागोळीबाहेर काढून उतार धरला की छप्पर पावणेआठशे फुटांच्या आसपास जातं, म्हणजे सुमारे ७२ चौरस मीटर. त्याला जवळपास १,१०० कौलं लागतात, आणि तुटफुटीची १० टक्के धरून १,२०० मागवायची. फरशीवरून मोजलं तर ७०० मागवली जातात आणि ऐन मे महिन्यात काम थांबतं. एकूण अंदाजावरही १० टक्के जादा धरा. जुने वासे उतरवल्यावर भिंतीच्या माथ्याची माती सुटलेली आढळणं ही नेहमीचीच गोष्ट आहे.

१२ लाख म्हणजे १,२०० घरांकडून हजार-हजार, असा हिशोब कागदावर सोपा दिसतो, पण त्या वाटेनं पैसे जमत नाहीत. वरून खाली या. एक देणगी २ लाखांची, दोन १ लाखाच्या, सहा ५० हजारांच्या, बारा २० हजारांच्या आणि सोळा १० हजारांच्या. या ३७ देणग्यांत ११ लाख होतात. उरलेला १ लाख २०० घरांनी सरासरी ५०० रुपये दिले की येतो. वरच्या प्रत्येक देणगीमागे तीन नावं हाताशी हवीत, कारण तिघांतला एक देतो, एक कमी देतो आणि एक पुढच्या वर्षी बघू म्हणतो. म्हणजे सुमारे ११० नावांची यादी.

ती नावं शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत आहेत. वर्षवार उतरवा, प्रत्येक दहावीच्या बॅचमधून एक माणूस नेमा आणि त्यानं आपल्या वर्गातल्यांना फोन करायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोव्यात नोकरीला असलेले, सैन्यातून निवृत्त झालेले, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कारखाना टाकलेले, अशी प्रत्येक नावापुढे नोंद करा. कुणाच्या ओळखीनं जायचं तेही लिहा. गावाबाहेर लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं या याद्यांतून हमखास गळतात. तसं करू नका. माहेरच्या शाळेवर जीव असतोच, फक्त कुणी विचारत नाही.

कधी मागायचं

इथला पैसा पिकावर चालतो. पश्चिम भागात रताळी आणि भात, निपाणीकडे तंबाखू, उत्तरेला ऊस, खानापूरच्या जंगलाकडे काजू. भाताची सुगी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. उसाचं गाळप साधारण नोव्हेंबरपासून, पण बिल हातात पडायला वेळ लागतो. काजू एप्रिल-मेमध्ये. जून ते ऑगस्ट या काळात शेतकऱ्याच्या घरी बी-बियाणं, खत आणि मजुरी यांचाच ताण असतो, तेव्हा दारात जाऊ नका.

गणपतीला चाकरमानी घरी येतात. पण त्याच वेळी गल्लीच्या मंडळाची वर्गणी चालू असते. तेव्हा फक्त भेटा, फोन नंबर घ्या, शाळेत बोलावून गळकं छप्पर दाखवा. चतुर्थीच्या आसपास पाऊस असतोच, वर्गात ठेवलेली बादली स्वतः सांगते. मागणी दिवाळीत करा. गावात महालक्ष्मीची यात्रा भरणार असेल तर त्या वर्षी मोठा निधी काढूच नका. घराघरावर पट्टी बसलेली असते, पाहुण्यांचा खर्च वेगळा. शाळा आणि देवी यांच्यात माणसाला निवड करायला लावणं दोघांच्याही दृष्टीनं बरं नाही.

शेवटची तारीख पाऊस ठरवतो. परीक्षा आटोपून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला शाळा पुन्हा भरते. कामाला मिळतात ते साधारण ४५ दिवस. त्यातही एप्रिल-मेचा वळीव आहेच. म्हणून दिवाळीत शब्द, जानेवारीअखेर निम्मे पैसे खात्यात, फेब्रुवारीत लाकूड किंवा लोखंडी अँगल आणि कौलांची मागणी, मार्चअखेर सगळी रक्कम. फेब्रुवारीत ६० टक्के पैसे आलेले नसतील तर तीनऐवजी दोन खोल्या करा आणि तसं गावाला सांगा. अर्धं उघडं छप्पर ठेवून पावसात वर्गणी मागत फिरणं सगळ्यात वाईट.

दारात गेल्यावर

दोघांनी जायचं, एक कमिटीतला आणि एक त्या घराच्या ओळखीचा. मोठ्या देणगीसाठी आधी फोन करून वेळ घ्या. सोबत छपराचे दोन फोटो, अंदाजपत्रकाचं एक पान आणि पावती पुस्तक. कमिटीतल्या प्रत्येकानं आपली देणगी आधी दिलेली असली पाहिजे. ‘तुम्ही किती दिले?’ हा प्रश्न येतोच आणि त्याला उत्तर नसेल तर तिथून उठलेलं बरं.

बोलणं साधं ठेवा. “मामा, पूर्वेकडच्या तीन खोल्या गळतात. मिस्त्रीचा अंदाज बारा लाखांचा आहे. कमिटीतल्या नऊ जणांनी मिळून दीड लाख भरलेत. तुमच्याकडून पन्नास हजार व्हावेत असं आम्हाला वाटतं.” एवढं बोलून थांबा. लगेच ‘नाही जमलं तर वीस द्या’ असं आपणच म्हणायची घाई बहुतेकांना होते आणि त्यात तीस हजार जातात. समोरच्याला घरात विचारायचं असतं, त्याला वेळ द्या. पुन्हा कधी येऊ ते तिथंच ठरवून निघा. हप्त्यानं देतो म्हटलं तर तारखा लिहून घ्या.

घरटी रकमेचं मात्र पट्टीसारखं बंधन करू नका. विधवेच्या घरी, आजारपण चालू असलेल्या घरी, ज्याचं पीक गेलं आहे त्याच्याकडे जाऊन ‘सगळ्यांनी दिलेत’ म्हणणं ही जबरदस्तीच आहे. अशा घरांकडून दोन दिवसांचं श्रमदान, ट्रॅक्टरची एक खेप, कामगारांना एक वेळचं जेवण हेही मोलाचं. त्याची वेगळी वही ठेवा आणि शेवटी ती नावंही तितक्याच ठळकपणे लावा.

पावती, रोकड, क्यूआर

पावती पुस्तकं ५० पानांची, छापील अनुक्रमांकाची, कार्बन प्रतीची. कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं, कधी परत आलं, याची नोंदवही स्वतंत्र. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून त्यावर ‘रद्द’ लिहायचं. मोहीम संपली की प्रत्येक पुस्तक परत आलंच पाहिजे, कोरं असलं तरी. हरवलेल्या एका पुस्तकामुळे प्रामाणिक माणसावर वर्षानुवर्षं बोट दाखवलं जातं.

पावतीवर पूर्ण नाव, पत्ता, रक्कम अंकात आणि अक्षरात, रोख की ऑनलाइन, कशासाठी, संस्थेचा पॅन आणि असल्यास ८०जीच्या मान्यतेचा क्रमांक व तारीख. रोकड त्याच संध्याकाळी दोघांनी मोजायची आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायची. त्यातून परस्पर खर्च करायचा नाही, मिस्त्रीचा चहासुद्धा नाही. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या वैयक्तिक नंबरावर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे पुढे त्याच्याच उत्पन्नात मोजले जाण्याचा धोका असतो आणि गावात संशय वेगळा. स्क्रीनशॉट पाहून पावती फाडू नका, खात्यात जमा दिसल्यावरच द्या. यूपीआयनं पैसे पाठवणाऱ्याचं नुसतं नाव कळतं, पत्ता कळत नाही, म्हणून त्याच दिवशी फोन करून पत्ता लिहून घ्या.

यामागे कारण आहे. देणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेली देणगी आयकराच्या भाषेत निनावी. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्यापर्यंत चालतात. वरच्या भागावर ३० टक्के कर. देवळातल्या दानपेटीची सवय असल्यामुळे शाळेतही पेटी ठेवावीशी वाटते आणि ‘माझं नाव नको’ म्हणणारे भले लोकही असतात. त्यांचं नाव फलकावर लावू नका, पण वहीत लिहून घ्याच.

करसवलतीबद्दल खरं तेवढंच सांगा

८०जीची मान्यता असेल तर देणगीदाराला साधारणपणे रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते आणि तीही त्याच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. ५०,००० दिले तर उत्पन्नातून २५,००० वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ५,२०० रुपये वाचतात. ‘निम्मे पैसे परत मिळतात’ असं सांगत फिरणारे नकळत खोटं बोलतात. शिवाय ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, नवी घेतलेल्या नोकरदाराला काहीच मिळत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीस पात्र नाही, आणि सिमेंट, कौलं, वाळू अशा वस्तूंनाही ती नाही. सिमेंट देणाऱ्याला करसवलत हवी असेल तर त्यानं संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत आणि माल संस्थेनं घ्यावा.

सवलत मागणाऱ्याचा पॅन देणगी घेतानाच घ्या. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण (फॉर्म १० बीडी) भरायचं आणि प्रत्येकाला १० बीई प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. मे महिन्यात सगळे छपरावर असतात आणि हे राहून जातं. एप्रिलमध्येच सीएकडे यादी द्या. इथे लोकांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक वापरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएकडून लिहून घ्या.

बाहेरचा पैसा

आखातात किंवा युरोपात असलेला माजी विद्यार्थी भारतीय पासपोर्टवर असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेला असेल, अगदी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगीच. त्यासाठी एफसीआरएची (परकीय देणगीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसताना साध्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. ‘भावाच्या खात्यातून फिरवून पाठवतो’ ही सूचना प्रेमानं येते, तरी नाही म्हणा.

कंपन्यांचा सीएसआर निधी (नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा) हवा तर १२एबी व ८०जीसोबत कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी. मोठी कंपनीच असली पाहिजे असं नाही. ज्यांचा निव्वळ नफा वर्षाला ५ कोटींवर आहे त्यांच्यावर हे बंधन येतं, त्यामुळे साखर कारखाने आणि फाउंड्रीवालेही त्यात येऊ शकतात. पण हे पैसे टप्प्याटप्प्यानं आणि खर्चाचे पुरावे दाखवल्यावर येतात. यंदाच्या छपराला त्यांच्यावर विसंबू नका, पुढच्या वर्षीच्या संडासासाठी अर्ज टाका.

आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांकडे मात्र जरूर जा. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये होतात आणि देणगीचा ठराव तिथे येतो, म्हणून अर्ज जुलैतच द्या, ताळेबंदाच्या प्रतीसह.

स्मरणार्थ

मोठ्या देणग्या आपल्याकडे बहुधा आई-वडिलांच्या स्मरणार्थ येतात. ही भावना खरी असते, तिला भावतोल करायला लावू नका. किती रकमेला काय, हे आधीच छापून ठेवा: २ लाखांना खोलीच्या दारावर पाटी, ५० हजारांना व्हरांड्यातल्या फलकावर नाव. नाव कसं लिहायचं ते देणगीदाराच्या हस्ताक्षरात घ्या, दगडावर कोरल्यावर वेलांटी बदलता येत नाही. रस्त्याच्या बाजूला दिसणाऱ्या फलकाबाबत कर्नाटकात २०२४ पासून ६० टक्के कन्नडचा नियम कायद्यात आहे. मोहिमेचा बॅनर आणि दर्शनी पाटी त्या हिशोबानं करून घ्या, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी वाद उभा राहत नाही.

बक्षिसासाठी कायम ठेव देणाऱ्यांना व्याजाचं गणित समजावून सांगा. ५०१ रुपयांच्या जुन्या ठेवीवर आज वर्षाला तीस-पस्तीस रुपये येतात, त्यात एक वहीही धड येत नाही. साडेसहा टक्क्यांनी ५०० रुपयांचं बक्षीस द्यायचं तर ७,७०० रुपये गुंतवावे लागतात. किमान १०,००० ठरवा. ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असं देणगीदाराचं सहीचं पत्र घ्या, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते आणि त्यातला ८५ टक्के भाग खर्च करण्याचा नियम तिला लागतो. ठेव शेड्यूल्ड बँकेत ठेवा. पतसंस्था ओळखीची असली, व्याज जास्त देत असली तरी नको. ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकेला आहे, पतसंस्थेला नाही, आणि आयकराच्या गुंतवणूक नियमातही अडचण येते.

हे करू नका

प्रवेशाशी देणगी जोडू नका. एप्रिल-मेमध्ये प्रवेशाच्या टेबलावर पावती पुस्तक दिसणंसुद्धा टाळा. शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन शुल्काला (प्रवेशासाठी घेतलेल्या देणगीला) दहापटीपर्यंत दंड आहे आणि कर्नाटकाचा १९८४चा वेगळा कायदाही आहे. पालकांकडून घ्यायचंच असेल तर प्रवेश होऊन दोन-तीन महिने गेल्यावर, स्वेच्छेनं.

तिकिटं विकून लकी ड्रॉ काढू नका. गावोगाव होतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत, कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद आहे. त्याऐवजी महिला मंडळाच्या मदतीनं खाद्य जत्रा भरवा, कार्यक्रम करा.

मुलांच्या हाती पावती पुस्तक देऊ नका. कुणाच्या बापानं किती दिले हे वर्गात वाचून दाखवू नका. शंभर रुपये न आणलेल्या मुलाला ते वर्ष संपेपर्यंत विसरता येत नाही.

काम सुरू झाल्यावर

तिन्ही छपरं एकदम उतरवू नका. एक उतरवा, झाका, मग दुसरं. ताडपत्री पहिल्या दिवसापासून जागेवर. मिस्त्रीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, तो खर्च हिशोबात धरला जात नाही. धनादेश किंवा बँकेतून द्या. ठेक्याची रक्कम ३०,००० वर असेल तर टीडीएस (बिलातूनच कापून भरायचा कर) कापायचा का, ते पहिलं बिल देण्याआधी सीएला विचारा. पैसे टप्प्यानं द्या: साहित्य आल्यावर, वासे बसल्यावर, कौलं चढल्यावर, आणि १० टक्के पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. कौल गळतं की नाही हे मृगाच्या आधी कुणालाच सांगता येत नाही.

हिशोबाचा फलक शाळेच्या फाटकाजवळ लावा. जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, येणं किती (कुणाकडून ते लिहू नका). दर शनिवारी खडूनं बदला. काम संपल्यावर एका पानाचा जमाखर्च छापून प्रत्येक देणाऱ्याच्या घरी पोचवा, ५० रुपये देणाऱ्याच्याही. बाहेरगावच्यांना तोच कागद फोटोसह पाठवा, सोबत नव्या छपराखाली भरलेल्या पहिल्या वर्गाचा फोटो. पैसे उरले तर ते परस्पर दुसऱ्या कामाला वळवू नका. सभा घ्या, ठराव करा, आणि तो ठरावही त्याच फलकावर लावा.